उत्तर दिशा कमरेला बांधून

गेल्या वर्षातला बराचसा काळ मी कमरेला एक पट्टा बांधून वावरले. पट्ट्याच्या आतल्या अंगाला आठ छोट्या मोटरी आहेत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. ज्या क्षणी जी मोटर उत्तरेच्या बाजूला असेल तेवढी एकच थरथरते. मी वळले की थरथर कमरेवरून सरकत जाते आणि पुन्हा उत्तरेलाच येऊन थांबते. पट्ट्याला दुसरं काही येत नाही. तो रस्ता दाखवत नाही, पावलं मोजत नाही, फोनला जोडलेला नाही.

मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. चुंबकत्वाच्या तासाला दर वर्षी सांगते की युरोपातला रॉबिन पक्षी स्थलांतर करताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतो, आणि फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्चको यांनी १९६०च्या दशकात ते प्रयोगाने दाखवलं. दर वर्षी वर्गातून कुणीतरी विचारतं, पक्ष्याला त्या वेळी नेमकं काय वाटत असेल हो मॅडम? फळ्यावर आकृती काढून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्याच्या जवळपास जायचं तर एकच मार्ग दिसत होता. आपल्याकडे नसलेली जाणीव बाहेरून अंगावर चढवायची आणि आत काय घडतं ते पाहायचं.

पट्ट्याची कल्पना माझी नाही. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात पीटर क्योनिग यांच्या गटाने असा पट्टा केला आणि २००५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पट्ट्यात १३ मोटरी होत्या. काही माणसांनी तो सहा आठवडे, जागेपणी सतत, घातला. त्यांतल्या एकाचा अनुभव मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. काही काळानंतर त्याच्या डोक्यात गावाचा नकाशा आपोआप तयार झाला, घरची वाट कुठूनही सापडू लागली, आणि हॅम्बुर्गला गेला तेव्हाही आपलं गाव कोणत्या अंगाला आहे हे त्याला जाणवत राहिलं.

त्याच्याही आधीचा, १९६९चा, अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रीटा यांचा प्रयोग आहे. दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत त्यांनी ४०० कंपक बसवले, वीस ओळींत वीस-वीस, आणि कॅमेऱ्यातलं चित्र खुर्चीत बसलेल्या अंध माणसाच्या पाठीवर उमटवलं. सरावानंतर ही माणसं समोरच्या वस्तू आणि चेहरे ओळखू लागली. मला यातली एक अट फार मोलाची वाटते. कॅमेरा त्या माणसाने स्वतः फिरवायला हवा. दुसऱ्याने फिरवला तर पाठीवर नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. स्वतः फिरवला की वस्तू पाठीवर न जाणवता समोर, बाहेर, जागेवर असल्यासारखी जाणवायची. एकदा झूम अचानक बदलली तेव्हा खुर्चीतल्या माणसाने तोंड वाचवायला हात वर केले. काहीतरी पुढून अंगावर येतंय असं त्याला वाटलं, आणि चित्र तर त्याच्या पाठीवर होतं. हे वाचल्यावर मी पट्टा करायला घेतला.

मोटरी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळाल्या. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्याच, चपट्या, १० मिलिमीटर व्यासाच्या. त्यांच्या पोटात एका बाजूला जड असलेलं चकतीचं वजन फिरतं आणि सेकंदाला साधारण २०० कंपनं देतं. त्वचेच्या खोल थरात पॅसिनी यांच्या नावाने ओळखले जाणारे जे संवेदक असतात, ते सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. ही जुळणी आयतीच मिळते. पट्टा चालवायला अर्डुइनो नॅनो हा बोटाएवढा संगणक-बोर्ड आहे. त्याच्या एका पिनमधून जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअर प्रवाह घेता येतो आणि मोटरीला त्याच्या दुप्पट लागतो, म्हणून मध्ये जास्त प्रवाह पेलणारी यूएलएन २८०३ ही चिप लावली. मोटरी आठच का? कमरेवरचे आठ बिंदू बहुतेकांना बिनचूक वेगळे ओळखता येतात, बारा केले की गोंधळ वाढतो.

दिशा ओळखायला नुसता होकायंत्राचा संवेदक पुरत नाही. पुण्यात पृथ्वीची चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसते. ती उत्तरेकडे पंचवीसेक अंश खाली झुकलेली असते. त्यामुळे तुम्ही वाकलात की संवेदकाला दिशा बदलल्यासारखी दिसते. खडू उचलायला वाकावं आणि उत्तर दुसरीकडेच जावी, असं व्हायला नको होतं. म्हणून चुंबकमापीबरोबर कल आणि वळण मोजणारे संवेदकही एकत्र असलेली बीएनओ ०५५ ही चिप घेतली. एका गोष्टीत मात्र पुण्यात आपलं नशीब चांगलं आहे. इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नसतो, त्यामुळे त्यासाठी काही गणित घालावं लागलं नाही.

प्रत्येक मोटरीच्या आत छोटा चुंबक असतो, म्हणून संवेदक मोटरींपासून लांब हवा. तो मी पाठीच्या कण्यावर, पट्ट्याच्या वीतभर वर, एका उभ्या पट्टीवर बसवला. बक्कल प्लास्टिकचं घेतलं. हे करताना मला अलिबागची वेधशाळा आठवत होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेचे प्रवाह नोंदी बिघडवतील म्हणून हे काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. चुंबकावर परिणाम न करणारं सामान निवडून तिथली इमारत बांधली, आणि जुन्या-नव्या ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून काही काळ दोन्हीकडे एकदम मोजमाप केलं. समुद्राकाठच्या एका शांत गावात शंभरावर वर्षं चाललेलं हे काम मला फार मोठं वाटतं. कर्वे रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाताना आणि मेट्रोच्या डब्यात गाडी वेग घेताना माझ्या कमरेवरची उत्तर भरकटायची, तेव्हा ट्राम येण्याआधीच जागा बदलणाऱ्या त्या लोकांची दूरदृष्टी कळायची.

पट्टा शिवून दिला आमच्या सोसायटीत शिवणकाम करणाऱ्या ताईंनी. रुंद इलॅस्टिकची पट्टी, तिला आठ खिसे, आणि आतून सुती अस्तर. इलॅस्टिक ताणलं तर सगळे खिसे सारखेच लांब जातात, म्हणून श्वास घेतला, जेवण झालं तरी मोटरींमधलं प्रमाण बिघडत नाही. पण तार ताणली जात नाही. ताईंनी तारा सरळ न टाकता नागमोडी घातल्या आणि प्रत्येक वळणावर एकेक सैल टाका घेतला. मोटरीच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि डाख दिलेल्या जागी पटकन तुटतात. त्या सैल टाक्यांमुळे पट्टा महिनोन्‌महिने टिकला. कुर्त्याच्या आत तो दिसत नसे. साडीच्या दिवशी परकराच्या नाडीवर बांधायचा, म्हणजे समोरची मोटर निऱ्यांखाली जाते, पण जाणवते तितकीच.

आता घालण्याविषयी.

पहिल्या टप्प्यात हे इंद्रिय वगैरे काही नसतं. कमरेला गुरगुर होते आणि ती त्रास देते. शिवाय त्वचा एकसारख्या स्पर्शाला लवकर सरावते आणि तो कळवणंच सोडून देते, जसं हातातल्या बांगडीचं भान आपल्याला राहत नाही. म्हणून मी मोटर सलग न चालवता सेकंदा-सेकंदाला हलका ठोका द्यायला लावली, आणि वळल्यावर मोटर बदलली तर त्याच क्षणी ठोका. त्याने फरक पडला. तरीही डोकं हिशेबच करत राहायचं. ठोका उजव्या कमरेला, म्हणजे उत्तर उजवीकडे, म्हणजे माझं तोंड पश्चिमेला, म्हणजे हा रस्ता पूर्व-पश्चिम. दर वळणावर हे गणित. संध्याकाळी थकवा यायचा, तो अंगाचा नसे, लक्ष देण्याचा असे. या टप्प्यावर कुणी पट्टा काढून ठेवला आणि हे तर थरथरणारं होकायंत्र आहे असं म्हटलं, तर त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्या वेळी ते तेवढंच असतं.

पुढे नेलं ते चालण्याने. बाख-इ-रीटांची अट मी अक्षरशः पाळली. रोज पहाटे गच्चीवर डोळे मिटून हळूहळू स्वतःभोवती फिरायचं, थांबायचं, उलट फिरायचं. मग कोथरूडच्या गल्ल्यांतून पायी, जाणूनबुजून वळणं घेत. रिक्षात बसून गेलं की ठोका सरकायचा, पण त्याला अर्थ नसे. पायांनी वळलं की असे. मी वळते आहे आणि ठोका तेवढाच उलट सरकतो आहे, या दोन गोष्टी शरीराला एकत्र बांधाव्या लागतात, आणि त्या गाठी फक्त हालचालीतून पडतात. हे मी वाचलेलं होतं. अंगावर घडताना पाहणं वेगळं.

मग ठोके जाणवेनासे झाले. सुरुवातीला मला वाटलं बॅटरी कमी झाली असावी. हात लावून पाहिलं तर मोटर व्यवस्थित चालू होती. एकदा वर्गात शिकवताना बॅटरी खरोखर संपली, आणि पंखा थांबल्यावर वीज गेल्याचं कळावं तसं मला खोलीतून काहीतरी गेल्याचं कळलं. कंबर आठवली नाही. खोली बदलल्यासारखी वाटली, भिंती होत्या तिथेच होत्या पण त्यांचा बाहेरच्या शहराशी काही संबंध उरला नव्हता.

खरा बदल लक्षात आला तो बसमध्ये. घराजवळच्या कर्वे पुतळ्यावरून स्वारगेटला जायचं होतं. या प्रवासाचं माझ्या मनातलं चित्र असं, की आधी कर्वे रस्त्याने सरळ डेक्कन, मग लकडी पूल, मग अलका चौकातून टिळक रस्त्याने पुन्हा सरळ स्वारगेट. पुण्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, हे असंच सांगतील. दोन सरळ तुकडे आणि मध्ये पूल. पुतळ्यापासून निघाल्यावर ठोका पुढच्या डाव्या कोपऱ्यात होता, कारण कर्वे रस्ता तिथून ईशान्येला जातो. पुलावर तो डाव्या कुशीकडे सरकला. टिळक रस्त्याला लागल्यावर मागच्या डाव्या कोपऱ्यात गेला, कारण तो रस्ता आग्नेयेला उतरतो. मी खिडकीतून बाहेर बघत होते, ठोके मोजत नव्हते, दुसराच विचार चालू होता. आणि स. प. महाविद्यालयाच्या आसपास कधीतरी मला घर जाणवलं. घर कुठे आहे हे आठवलं असं नव्हे. घर मागे उजवीकडे, टिळक रस्त्याच्या इमारतींच्या आरपार, तिकडे होतं, आणि बस पुढे जाईल तसं ते हळूहळू सरकत होतं. स्वारगेटला उतरले तेव्हा कर्वे पुतळा बरोबर पश्चिमेला होता. म्हणजे मी इतका वेळ आधी वर आणि मग खाली अशी एक मोठी टोपी चढून उतरले होते, आणि पोचले होते घराच्या थेट पूर्वेला. शाळेपासून या रस्त्याने जाते आहे. हे मला कधीच माहीत नव्हतं.

घरी येऊन नकाशा उघडला. स्वारगेट कर्वे पुतळ्याच्या खरोखरच पूर्वेला आहे, जवळजवळ सरळ रेषेत.

त्यानंतर शहर भराभर जुळत गेलं. तुळशीबागेत विश्रामबागवाड्याच्या बाजूने शिरलं आणि बोळांत चार-दोन वेळा वळलं, की पूर्वी बाहेर पडेपर्यंत पत्ता नसायचा. आता मंडई एका अंगाला आणि लक्ष्मी रस्ता दुसऱ्या अंगाला, अशी दोन्ही एकदम जाणवत राहायची. सिंहगड घराच्या दक्षिणेला, जरासा पश्चिमेकडे झुकून. पर्वती पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. मी स्वतःची एक साधी परीक्षा ठेवली होती. कुठेही थांबायचं, न दिसणाऱ्या एखाद्या ठिकाणाकडे हात करायचा आणि मग फोनवर कोन ताडून बघायचा. सुरुवातीला चूक काटकोनापर्यंत जायची. पुढे ती पंधरा-वीस अंशांच्या आत आली आणि तिथेच राहिली.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण अंगावर घालायच्या उपकरणांविषयी सध्या जे बोललं जातं त्यात ती हरवते. फोनला जोडलेलं घड्याळ मनगटावर थरथरून ‘डावीकडे वळा’ सांगतं, ती आज्ञा असते. ती पाळली की काम संपलं, आणि दुसऱ्यांदा त्याच रस्त्याने जाताना तुम्ही तितकेच परावलंबी असता. हृदयाचे ठोके आकड्यात दाखवणारं उपकरण माहिती देतं, ती वाचावी लागते. इंद्रिय यांतलं काहीच करत नाही. ते न विचारता, न थांबता, बहुतेक वेळा निरुपयोगी वाटणारी एकच गोष्ट सांगत राहतं आणि तिचं काय करायचं ते तुमच्यावर सोडतं. डोळा तुम्हाला ‘झाड बघा’ म्हणत नाही. अमेरिकेतले संशोधक डेव्हिड ईगलमन आणि स्कॉट नोविच यांनी आवाजाचं कंपनात रूपांतर करणारं ३२ मोटरींचं जाकीट केलं, बहिऱ्या माणसांना त्याच्या आधाराने शब्द ओळखता यावेत म्हणून. त्यातही शब्द आधीच ओळखून मग कळवत नाहीत. आवाजच, जसा आहे तसा, त्वचेवर येतो आणि त्याचा अर्थ मेंदू लावतो. नवं इंद्रिय हवं असेल तर यंत्राने कमी शहाणपण करावं लागतं.

दिवाळीत आत्याकडे गेले. कोरेगाव तालुक्यातलं गाव. एसटीच्या पत्र्यामुळे उत्तर वीसेक अंश सरकते, पण खंबाटकीच्या वळणांवर ठोका कमरेभोवती नीट फिरत होता, म्हणजे वळणं तरी बरोबर कळत होती. आत्याने पोचल्या पोचल्या पट्टा पाहिला.

“ह्ये काय बांधलंयस गं? पाठ दुखती का काय?”

मी समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आन्‌ उत्तर कळाया पट्टा कशाला लागतुय?”

आत्या सत्तरीच्या पुढची. तिच्या तोंडी डावं-उजवं फार क्वचित येतं. घागर उगवतीच्या अंगाला सरकव, गाय मावळतीच्या बांधाला हाय, असंच ती बोलते, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांबद्दलही तसंच. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. तिच्या डोक्यात सगळं जगच तसं लिहिलेलं आहे. रात्री वीज गेलेली असताना, बिनखिडकीच्या माजघरात बसून मी तिला एकेक विचारत गेले. विहीर कुठे, साताऱ्याचा रस्ता कुठे, माझ्या आईचं माहेर कुठे. ती भाजी निवडता निवडता हात करत होती आणि मी पट्ट्यावरून ताडत होते. एकही हात चुकला नाही.

यावर मी खूप विचार केला. आत्याला माझ्यापेक्षा वेगळं इंद्रिय मिळालेलं नाही. मग हे कुठून येतं? पुढे ती पुण्याला आमच्या घरी आली तेव्हा कळलं. चौथ्या मजल्यावर, चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, “तुमच्याकडं सूर्य कुटनं उगवतो?” मी खिडकी दाखवली. तिने एकदा तिकडे पाहिलं, आणि त्यानंतर बाहेर कुठेही गेली तरी तिला पुन्हा विचारावं लागलं नाही. प्रत्येक वळणाचा हिशेब तिचं शरीर ठेवतं, लहानपणापासून ठेवत आलं आहे, कारण तिच्या घरात दिशेशिवाय काही सांगताच येत नसे. ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्क भागातले गूगू यिमिथिर बोलणारे लोक असेच सगळं दिशांनी सांगतात आणि असेच बिनचूक हात करतात, हे भाषावैज्ञानिक स्टीफन लेव्हिन्सन यांनी अभ्यासलं आहे. त्यांच्याविषयी मी वाचलं होतं. माझ्याच घरात हे होतं, त्याकडे बघायला मात्र पट्टा लागला.

उन्हाळ्यात पट्टा काढावा लागला. एप्रिलच्या उकाड्यात इलॅस्टिकखाली घामोळं आलं आणि डॉक्टरांनी कातडीला काही आठवडे विश्रांती द्यायला सांगितलं. पहिले काही दिवस नसलेले ठोके जाणवायचे. ते थांबले आणि मग जे झालं त्याची मी तयारी केली नव्हती. जग दिसेल तेवढंच उरलं. खोलीत असले की खोली, गल्लीत असले की गल्ली. पलीकडचं सगळं होतं, पण माहिती म्हणून, जाणीव म्हणून नाही. ओस्नाब्रुकच्या लोकांनीही पट्टा काढल्यावर असंच काहीसं सांगितलेलं होतं. वाचताना मला ती अतिशयोक्ती वाटली होती. पुणं मात्र राहिलं. कोथरूड ते स्वारगेट आता माझ्या मनात टोपीसारखंच आहे, पट्टा असो-नसो. नव्या गावात काही उमटत नाही. परीक्षेच्या कामासाठी नागपूरला गेले, आणि तिथे स्टेशनपासून महाविद्यालयापर्यंत रोज जाऊनही त्या दोन जागांचं एकमेकींशी नातं काय, ते मला शेवटपर्यंत जाणवलं नाही. आत्याची सवय मला लागलेली नाही. ती लावायला बालपण लागत असावं, किंवा माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं.

घामोळं बरं झाल्यावर पट्टा पुन्हा चढवायच्या आधी तो एका सहकाऱ्यांनी मागितला. ते इतिहास शिकवतात, जन्मतः दृष्टिहीन आहेत. स्टाफरूममध्ये मी पट्ट्याबद्दल बोलत असताना त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं होतं. एक दिवस म्हणाले, “मॅडम, आपलं मैदान मी कधी ओलांडत नाही, माहितीये का? काठीला कडा लागते. भिंत, पायरी, फुटपाथ. मैदानात कडाच नाही. दहा पावलं गेलं की मी वाकडा जायला लागतो आणि वाकडा जातोय हे कळत नाही.” म्हणून ते रोज फाटकापासून कुंपणाच्या भिंतीने लांबचा फेरा घालून ग्रंथालयात जातात.

त्यांच्या मापाने पट्टा घट्ट केला आणि आम्ही सकाळी मुलं यायच्या आधी मैदानावर गेलो. त्यांना माझ्यासारखा हिशेब करावा लागला नाही. शरीराच्या भोवतीची जागा स्पर्शाने आणि आवाजाने ओळखायची त्यांना आयुष्यभराची सवय. थोड्याच वेळात ते ठोका डाव्या बाजूला एका जागी धरून सरळ चालायला लागले. मी मागे होते. मैदानाच्या मध्यावर ते थांबले, दोन्ही बाजूंना काठी फिरवून बघितली, कशालाच लागली नाही. मग काठी उचलून हातात धरली आणि चालत राहिले.

त्यांच्या तक्रारीही लगेच आल्या, आणि त्या माझ्या निरीक्षणांपेक्षा कामाच्या होत्या. ग्रंथालय फाटकावरून दोन मोटरींच्या मधल्या दिशेला येतं, तेव्हा ठोका उड्या मारतो. तो मध्येच जाणवला पाहिजे. दुसरं, मोटरीचा आवाज. “तुम्हाला ऐकू येत नसेल. रस्ता ओलांडताना मला कान पूर्ण मोकळे लागतात.” तिसरं, एक बटण हवं. फाटकात उभं राहून ग्रंथालयाकडे तोंड करायचं, बटण दाबायचं, आणि तेवढ्यापुरती तीच उत्तर मानायची. या तिसऱ्या गोष्टीवर आमचं बरंच बोलणं झालं. मी म्हटलं, असं केलं तर पट्टा पुन्हा आज्ञा देणारा होईल, उत्तर सतत एकच राहिली तरच शरीर ती शिकतं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्हाला इंद्रिय हवंय. मला ग्रंथालयात जायचंय.” मी बटण बसवायचं कबूल केलं. ते दाबलेलं असेपर्यंतच दुसरी दिशा, सोडलं की पुन्हा उत्तर, एवढी अट त्यांनी मान्य केली.

ओस्नाब्रुकच्या संशोधनातून फीलस्पेस नावाची कंपनी निघाली आहे आणि ती दृष्टिहीनांसाठी असा पट्टा विकते. तो मागवून पाहावा असं मी सुचवलं होतं. सहकाऱ्यांचं म्हणणं, इथे दुरुस्त करता येईल असा हवा, आणि पावसात टिकेल असा.

म्हणून आता दुसऱ्या पट्ट्याचं काम चालू आहे. मोटरी आठच, पण शेजारच्या दोन मोटरी कमी-जास्त जोराने एकत्र चालवायच्या, म्हणजे ठोका त्यांच्या मध्ये जाणवतो. फिरत्या वजनाच्या मोटरींऐवजी पुढे-मागे कंप पावणाऱ्या, कमी आवाजाच्या मोटरी घेतल्या आहेत, त्या चालवायला वेगळी चिप लागते. शिवणाऱ्या ताईंनी या वेळी अस्तराला घाम शोषणारं विणलेलं कापड सुचवलं आहे आणि खिशांना आतून मेणकापड. बटण कुठे असावं यावर अजून एकमत नाही. मला ते बकलाजवळ हवं आहे. सहकाऱ्यांना ते काठीच्या मुठीवर हवं आहे, आणि तिथपर्यंत तार न्यायची कशी हे आम्ही दोघंही सध्या शोधतो आहोत.